शंभर किलोचा हिशेब

पद्मनाभपुरातल्या ज्या व्यायामशाळेत मी गुडघ्यांसाठी जातो, तिथं आल्यागेल्याला पहिला प्रश्न एकच असतो: बेंच किती मारतोस? उत्तरही बहुधा एकच. शंभर. नव्वद मारणारा तिथं मला अजून भेटलेला नाही. पंच्याण्णव म्हणजे तर आजारपणच. मुलं साठपासून निघतात आणि एके दिवशी थेट शंभरावर उतरतात.

ही मुलं खोटं बोलतात असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि माझ्या वयाची मंडळी तेच करतात. मला ते मान्य नाही. एका मुलाचा शंभर मी त्याच्यासमोर बसून उलगडला. तो 80 किलो आठ वेळा मारतो. मोबाइलमधल्या गणकानं त्यावरून एका वेळचं कमाल वजन काढून दिलं. सूत्र एपलीचं आहे: वजन गुणिले, एक अधिक आवृत्त्या भागिले तीस. आकडा येतो 101. मी विचारलं, आठही तुझ्याच? शेवटच्या दोन वेळा मित्राची बोटं रॉडखाली होती. म्हणजे सहा, आकडा 96. मग रॉडचं वजन. तो वीस धरत होता, कारण स्पर्धेतला रॉड वीसचा असतो. आम्ही रॉड उचलून शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला. पंधरा. म्हणजे 75 किलो, सहा वेळा: नव्वद. कुणीही खोटं बोललं नाही आणि अकरा किलो हवेत गेले. रॉड छातीवरून उसळी मारून वर जातो, तो हिशेब तर मी धरलाच नाही. स्पर्धेत रॉड छातीवर स्थिर झाल्याशिवाय पंच वर ढकलण्याची आज्ञाच देत नाही. 80 वर थांबून पाहा म्हटलं, तेव्हा पोरगा सातव्याच्या ऐवजी चौथ्यालाच अडकला.

या गावाला वजन म्हणजे काय हे सांगायची गरज पडू नये. ज्या कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली, त्याच्या आधारानं आपण इथं राहतो. इथं ट्रक धर्मकाट्यावर रिकामा चढतो, भरून पुन्हा चढतो, आणि त्या काट्याची सरकारी पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसतो. ड्रायव्हरनं सांगितलेलं वजन कुणी पावतीवर लिहीत नाही. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही प्लेट तिच्यावर छापलेल्या वजनापासून पाव टक्का किंवा दहा ग्रॅमपेक्षा जास्त ढळलेली चालत नाही. आमच्या व्यायामशाळेतल्या प्लेटवर कुणाचाच शिक्का नाही. ओतकामात जे आलं ते आलं.

इथं जुनी माणसं आखाडा पुढं करतात. म्हणतात, तेव्हा आकड्यांचं खूळ नव्हतं. कसं नव्हतं? हजार जोर आणि दोन हजार बैठका काढणारे पूर्वज प्रत्येक मराठी घरात एकेक तरी निघतात. त्यातला अर्धा जोर कोण मोजत होतं? बडोद्याच्या संग्रहालयात एक शिळा आहे. गायकवाडांच्या त्या नगरीत 1902 साली गामानं ती उचलली असं सांगतात, आणि वजन सांगतात 1,200 किलो. हाफथोर ब्योर्नसननं 2020 मध्ये जमिनीवरून 501 किलो उचलले तेव्हा जगभर चर्चा झाली. हातात पकड यावी असा रॉड होता आणि पंच उभे होते. शिळेला पकडही नाही. गामाला हा आकडा लागतच नाही. 1928 साली पतियाळाला त्यानं झ्बिस्कोला मिनिटाच्या आत पाडलं, ते हजारोंनी पाहिलं. पाठ मातीला लागली की लागली. तिथं सूत्र लावावं लागत नाही.

पण शंका घेणाऱ्यांवरही माझा राग आहे. त्यांची शंका फक्त वरच्या दिशेनं चालते. आपल्यापेक्षा दहा किलो जास्त मारणारा खोटा, दहा किलो कमी मारणारा प्रामाणिक. आणि बाई असेल तर पाहायलाच नको. आमच्याकडे एक मुलगी 60 किलो खांद्यावर घेऊन मांडी गुडघ्याखाली नेऊन बसते, आणि बाकीचे प्लेट मोजायला जातात. तेच बाकीचे अर्ध्यावर थांबून 120 सांगतात, तेव्हा कुणी प्लेट मोजत नाही. कर्णम मल्लेश्वरीनं सिडनीत 2000 साली 110 आणि 130 मिळून 240 किलो उचलले. त्यासाठी तीन पंच लागले. तितकीच कडक नजर आपल्या मित्राच्या आकड्यावर ठेवली, तर माझी हरकत नाही.

स्वतःबद्दलही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. मी रोज दहा हजार पावलं चालतो असं वर्षभर सांगत होतो. हा आकडा वैद्यांनी दिलेला नाही. 1965 साली जपानमध्ये एक पाऊलमोजणी यंत्र विकायला आलं, त्याचं नावच दहा-हजार-पावलं-मापक होतं. तेवढं कळल्यावरही मला तो सोडवेना. मग एकदा स्कूटरवरून दुर्ग स्टेशनला गेलो आणि परत आलो. मोबाइलनं खिशातच शेकडो पावलं मोजलेली.

हसण्यावारी नेता येईल, पण त्या शंभरावर पैसे लागतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना वाटतं की आपणच साठावर अडकलोय. मग डब्यातली पावडर, मग इंजेक्शनची चौकशी, मग खांदा. ज्याचा खांदा गेला त्याचा शेवटचा प्रयत्न एका न मोजलेल्या रॉडवरचा होता.

मालकांना म्हटलं, रॉडवर खरं वजन रंगवू या. ते म्हणाले, काका, पोरं दुसरीकडे जातील. शेवटी मीच ब्रशनं पांढरं 15 लिहिलं. आठवड्याच्या आत कुणीतरी खरवडून काढलं. परवा पुन्हा लिहिलंय, या वेळी ऑइलपेंटनं.