लेकराचा श्वास मोजायला शिका



आपल्या भित्तिपत्रकात मुलांच्या कविता, कोडी आणि सुविचार असतात. या वेळचे चार शब्द मात्र मोठ्यांसाठी आहेत. मुलांनी घरी जाऊन ते आई-बापाला, आजी-आजोबांना सांगावेत.

विषय साधा आहे. लेकरू आजारी पडले तर दवाखाना कधी गाठायचा? हजेरीला एखादे पोर दिसले नाही की मी चौकशी करतो. उत्तर येते, "गुरुजी, त्याचा धाकटा भाऊ लई आजारी हाय." दवाखान्यात नेले का? "नाय, उद्या बघू म्हणत्यात." हा 'उद्या' मला फार खटकतो. साध्या सर्दीत उद्यापर्यंत थांबल्याने काही बिघडत नाही. काही दुखण्यांत मात्र एका रात्रीत सगळे संपते. यातला फरक घरच्या माणसालाही ओळखता येतो, असे माझे ठाम मत आहे.

पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला देतो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांनाच लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. ज्या दायांना फार मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले श्वास मोजायचे साधन केले. पुढे 39 गावांत शिकवलेल्या बायांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. 1999 साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेला घेतलेल्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळ बघतात, त्यामागे हेच काम आहे.

मग आपल्याला काय जमणार नाही? आपल्या चौथीच्या पोराला तर शंभरापर्यंत अंक बिनचूक येतात. मूल शांत असताना, रडत नसताना, अंगावरचे कापड वर करून पोटाची हालचाल बघा आणि घड्याळ लावून पूर्ण 1 मिनिट श्वास मोजा. 2 महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, 2 महिने ते 1 वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, आणि 1 ते 5 वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास भरले, तर ती नुसती सर्दी नव्हे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकडा मोजत बसू नका, निघा.

आणखी काही खुणा लक्षात ठेवा. मूल अंगावर पीत नाही, पाणी घेत नाही, खाल्लेले सगळे ओकते, झटके येतात, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, मलूल पडून राहते. जुलाबात डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले. 2 महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला किंवा अंग गार पडले. यातली एकही खूण दिसली तरी रात्र असो की आवणीचा दिवस, थांबू नका. जुलाब साधे असले तरी क्षारसंजीवनीचे पाणी घोट घोट पाजत राहा, आणि अंगावरचे दूध बंद करू नका.

आपल्या भागात सापाचेही ध्यानात ठेवले पाहिजे. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, दाताची खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोराच्या पोटात दुखायला लागले, पापण्या जड झाल्या, थुंकी गिळेना, तर त्याला अंगारा लावत बसू नका. सर्पविषावरची लस दवाखान्यातच मिळते.

लोक म्हणतील, "गुरुजी, सांगायला सोपं हाय." खरे आहे. आहुपे किंवा घाटघरकडून घोडेगाव, जुन्नर गाठायचे म्हणजे रोज बुडतो, गाडी मिळत नाही, फोनला रेंज लागत नाही. म्हणूनच तर माझे म्हणणे आहे, प्रत्येक खोकल्याला पळू नका. श्वास बरोबर असेल, मूल खात-खेळत असेल, तर सुई-सलाईनचा हट्ट नको. तो पैसा आणि तो दिवस खऱ्या गरजेला राहू द्या. 108 ची गाडी 2014 पासून फुकट मिळते. तिला यायला उशीर होणार असेल तर गावातली जीप कोणाची, त्याचा नंबर काय, हे प्रत्येक वाडीने आधीच भिंतीवर लिहून ठेवावे. आजार झाल्यावर शोधाशोध करण्यात वेळ जातो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. लेकरू बिघडले हे बहुधा सर्वांत आधी आईला कळते. पण निघायचे की नाही हे ती ठरवत नाही. मालक शेतावर, सासू म्हणते "नजर लागली", आणि तिच्या हातात भाड्याचे पैसे नसतात. असा नेम घराने करावा: आई म्हणाली "आज याचं लक्षण बरं दिसत नाय", की पुन्हा कोणाला विचारायचे नाही. भगताला विचारायचे असेल तर मागाहून विचारा, आधी दवाखाना. आणि थोडे पैसे तिच्याजवळ कायम असू द्या.

मुलांनो, तुम्हीही शाळेत श्वास मोजायला शिका. घरी धाकट्या भावंडाचे मोजा आणि आकडा आईला सांगा. ठरवायचे काम मोठ्यांचे, पण तुमचा आकडा त्यांना उपयोगी पडेल. अंकगणित कशाला शिकायचे असे कोणी विचारले, तर त्याला हे उत्तर द्या.