उशाशी बसणाऱ्यांचे काय?

दरवर्षी २९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन साजरा होतो. व्याख्याने होतात, तपासणी शिबिरे भरतात, सकाळी चालण्याचे महत्त्व सांगितले जाते आणि दुसऱ्या दिवशी सारे शांत होते. हृदयविकार होऊ नये म्हणून काय करावे, याविषयी आता पुष्कळ बोलले जाते. झालाच तर शस्त्रक्रियेची आणि औषधांची सोय पूर्वीपेक्षा बरीच वाढली आहे. परंतु रुग्ण बरा होऊन नव्हे, तर जन्मभराचा आजार घेऊन घरी परततो, तेव्हा त्याला सांभाळायचे कोणी आणि सांभाळणाऱ्याला आधार द्यायचा कोणी, हा प्रश्न मात्र या समारंभात कधी फारसा डोकावत नाही.

ज्या आजाराला डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात, त्याच्या नावानेच पुष्कळांचा गैरसमज होतो. त्यात हृदय बंद पडत नाही. शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी होते. मग पायांवर सूज चढते, फुप्फुसांत पाणी साचू लागते, आडवे झाले की श्वास कोंडतो आणि रुग्ण दोन-तीन उशा रचून बसल्या-बसल्या रात्र काढतो. हा आजार रुग्णालयात आटोक्यात येतो, पण तो सांभाळला जातो घरातच. रोज सकाळी वजन पाहायचे, कारण दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले तर ती चरबी नव्हे, साचलेले पाणी असते. मीठ मोजून द्यायचे, पापड-लोणचे दृष्टीआड करायचे, डॉक्टरांनी सांगितले असेल तर पाणीही मापाने प्यायला द्यायचे. पाच-सात प्रकारच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या. लघवीची गोळी संध्याकाळी उशिरा दिली तर रात्रभर उठबस करावी लागते, आणि दिलीच नाही तर पुन्हा धाप लागते. हे सारे काम जी व्यक्ती करते, तिचे नाव कोणत्याही केसपेपरवर नसते. बहुतेक घरांत ती पत्नी असते, सून असते किंवा मुलगी असते.

हे काम किती मोलाचे आहे, हे भारतातीलच नोंदींवरून दिसते. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली १८ रुग्णालयांतील १,२०५ रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय सुमारे ६१ वर्षांचे होते आणि वर्षभरात त्यांपैकी सुमारे ३१ टक्के रुग्ण दगावले. पुढे २०१९-२० मध्ये देशातील ५३ रुग्णालयांत १०,८५१ रुग्णांची नोंद झाली, तेव्हा पहिल्या ९० दिवसांतच सुमारे १४ टक्के मृत्यू आढळले. ज्यांना शास्त्राने सांगितलेली औषधे नीट मिळाली त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी होते, हेही या नोंदींनी दाखवून दिले. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडचा रुग्ण सुमारे दहा वर्षांनी लहान असतो. म्हणजे घरचा कर्ता पुरुष अंथरुणाला खिळतो तेव्हा मुलांची शिक्षणे किंवा लग्ने पुष्कळदा व्हायची असतात. पत्नीला एकाच वेळी परिचारिका, स्वयंपाकीण आणि मिळवती व्हावे लागते. औषधे चालू राहणे किंवा बंद पडणे हे अखेर तिच्याच हातात असते आणि तिलाच कोणी काही शिकवलेले नसते.

रुग्णालयातून सुटी मिळण्याचा दिवस आठवावा. बिलाची धावपळ, वाहनाची व्यवस्था, आणि या गडबडीत हाती पडणारे इंग्रजीतले डिस्चार्ज कार्ड. ‘मीठ कमी द्या, महिन्याने दाखवा’ एवढ्या दोन वाक्यांत दीर्घ शुश्रूषेचे शिक्षण संपते. कमी म्हणजे किती, हे विचारायला तिला संकोच वाटतो आणि सांगायला समोरच्याला वेळ नसतो. आठ दिवसांनी मध्यरात्री धाप वाढली की हे घाबरण्यासारखे आहे की नाही, हे ठरवायला तिच्याजवळ कसलाच आधार नसतो. रुग्ण पुन्हा दाखल झाला की ‘पथ्य पाळले नाही’ हा ठपका मात्र प्रथम तिच्यावर येतो. तिची स्वतःची झोप, तिचा रक्तदाब, तिची गुडघेदुखी यांची चौकशी कोणी करत नाही. शेजारी ‘किती सेवा करते!’ असे म्हणतात. या कौतुकात सद्भाव असतो, यात शंका नाही. पण कौतुक करून मोकळे होण्याचा तो एक सोपा मार्गही असतो.

कुटुंबाने आपल्या माणसाची सेवा करावी ही या देशाची परंपरा आहे, तिथे शासनाने का लुडबूड करावी, असा आक्षेप येईल. तो वरवर पटण्यासारखा आहे. पण ज्या एकत्र कुटुंबात चार हात आळीपाळीने राबत, ते कुटुंब शहरांत राहिलेले नाही आणि खेड्यांतही विरळ होत आहे. मुलगा पुण्यात किंवा परदेशी, आणि गावी सत्तरीच्या पतीजवळ पासष्टीची पत्नी, हे चित्र आता घरोघरी दिसते. शिवाय परंपरेचे ओझे सर्वांवर सारखे नाही. २०१९ च्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात असल्याचे आढळले, तर पुरुषांची ९७. परंपरा म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याचा मोठा भाग एकाच खांद्यावर आहे.

इंग्लंडचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तिथे १९७६ साली आजारी आप्ताची शुश्रूषा करणाऱ्यांना भत्ता देण्याची योजना सुरू झाली. पण विवाहित स्त्रियांना त्यातून वगळण्यात आले, कारण त्या नाहीतरी घरीच असणार, अशी त्यामागची समजूत होती. एका विवाहित स्त्रीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला, तेव्हा कुठे तो अन्याय दूर झाला. ‘नाहीतरी ती घरीच असते’ हे वाक्य मराठी घरांनाही अपरिचित नाही, आणि मराठी मुलखातल्या धोरणांनाही नाही.

भारतात २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याने मुलांवर कर्तव्य घातले, पण ते पार पाडणाऱ्याला साहाय्य मात्र फारसे दिले नाही. केंद्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून अपत्यसंगोपनासाठी ७३० दिवसांपर्यंत रजा मिळू लागली, ते योग्यच झाले. परंतु आजारी पती, पत्नी किंवा आईवडील यांच्या शुश्रूषेसाठी सर्व नोकरदारांना हक्काची रजा देणारा कायदा नाही. ‘आयुष्मान भारत’ योजनेने २०१८ पासून रुग्णालयातील खर्चाची मोठी सोय केली, तथापि घरी गेल्यावरच्या औषधांची तिची तरतूद १५ दिवसांपुरती आहे. आजार जन्माचा आणि आधार पंधरवड्याचा, अशी ही विसंगती आहे. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांना दरमहा थोडीफार रक्कम देणारी ‘आश्वासकिरणम्’ योजना आखली. रक्कम तुटपुंजी असली तरी शुश्रूषा हेही काम आहे, ही कबुली त्यात आहे.

महाराष्ट्राला यापेक्षा अधिक करता येण्यासारखे आहे आणि त्यातील पुष्कळशा गोष्टींना पैसाही फारसा लागत नाही. रुग्णाला सुटी देताना घरी काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे नाव केसपेपरवर लिहावे. तिला अर्धा तास बसवून वजन, मीठ, गोळ्या आणि धोक्याच्या खुणा मराठीत समजावून द्याव्यात व तेच सारे छापील स्वरूपात तिच्या हाती ठेवावे. पहिल्या आठवड्यात परिचारिकेने एकदा दूरध्वनी करावा. जिथे आशा कार्यकर्ती आहे, तिथे तिच्या फेरीत या घराचा समावेश करावा आणि तिला त्या कामाचा मोबदला द्यावा. रुग्णाच्या तपासणीच्या दिवशी सोबत आलेल्या पत्नीचाही रक्तदाब पाहावा. खर्चाच्या बाबी यानंतर येतात : हृदयाची औषधे सरकारी दवाखान्यांत अखंड मिळणे, शुश्रूषेसाठी हक्काची रजा, आणि महिन्यातून दोन-चार दिवस तरी काळजीवाहकाला विसावा मिळेल अशी प्रशिक्षित मदत. पैसा नाही असे म्हटले जाईल. पण नीट सांभाळल्या न गेलेल्या रुग्णाला पुन्हा पुन्हा दाखल करावे लागते, आणि तो खर्च कोणत्यातरी योजनेतून किंवा कुणाच्यातरी दागिन्यांतून होतच असतो.

घरातील माणसांनीही यात आपला वाटा उचलायला हवा. भावाने पैसे पाठवले म्हणून बहिणीची रात्र हलकी होत नाही. आठवड्यातील दोन रात्री मुलाने उशाशी बसावे, यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दुबळे हृदय एकट्याने सारा भार ओढत राहिले की हळूहळू थकत जाते, हे वैद्यक सांगते. उशाशी बसणाऱ्या माणसाचीही तीच गत होते. एका रुग्णामागे दुसरा रुग्ण तयार होऊ द्यायचा नसेल, तर त्या माणसाची विचारपूस रुग्णाइतकीच आस्थेने झाली पाहिजे.