एकशे पंधरा किलोचा धडधाकट

वसंत व्याख्यानमालेतल्या एका वक्त्यांनी परवा प्रश्न दोन वाक्यांत मिटवला. दक्षिण कोरियासारखी लष्करी सेवा सक्तीची करा, पोरं वठणीवर येतील. आणि आजारी पोरं? ती वैद्यकीय तपासणीत गळतातच! टाळ्या पडल्या. मी त्या ‘गळतातच’पाशी अडलो.

कोरियात तपासणीत एक ते सात दर्जे देतात. पहिले तीन फौजेत, भूदलात अठरा महिने. चौथ्याची प्रकृती बेताची, म्हणून त्याची सेवा सरकारी कचेरीत किंवा भुयारी रेल्वेच्या स्टेशनात. आता पावणेसहा फूट उंचीचा, ११५ किलोचा मुलगा घ्या. बीएमआय साडेसदतीस. २०२३ साली हा चौथ्या दर्जाचा होता. पस्तिसाला फौजेचं दार बंद व्हायचं. २०२४ साली ती मर्यादा चाळिसावर नेली आणि तोच मुलगा, त्याच पोटासकट, धडधाकट ठरला. वजन त्याचं घटलं नव्हतं. घटत आले होते देशातले जन्म; २०२३ साली तर एका स्त्रीमागे सरासरी ०.७२ मूल. पलटणी भरायच्या कुठून? कापड अपुरं पडलं की गजच आखूड करणारा दुकानदार आपण ओळखतो. इथं मात्र त्या गजाला शास्त्र म्हणायचं!

बरं, पास झालेले तरी सुखरूप? २०२४च्या मे महिन्यात कोरियातल्या इंजे इथं एका नवशिक्या जवानाला शिक्षा म्हणून पाठीवर सगळं सामान लादून पळवलं. उष्माघातानं तो दोन दिवसांत गेला. तपासणीत तो पासच होता. नाडी पाहणारा डॉक्टर पुढे शिक्षा देणाऱ्याचा स्वभाव कसा पाहणार?

शिस्तीचा हा काढा आपल्याला नवा नाही. १९६३ साली कॉलेजांत एनसीसी सक्तीची झाली, १९६८ साली ऐच्छिक. त्या पाच वर्षांतली पोरं आज आजोबा आहेत. इतरांहून काटक निघाली का, त्यांनाच विचारा.

मग माझं म्हणणं काय? थोडकंच. सक्ती करणाऱ्यानं तपासणारा डॉक्टर भरती करणाऱ्याच्या हुकमाबाहेर ठेवावा. कवायत थांबवायचा अधिकार मैदानावरच्या वैद्यकीय माणसाला द्यावा. उष्माघात झालेल्याला आधी गार पाण्यात बुडवावं, मग गाडीत घालावं. एवढं जमत नसेल तर सक्तीची भाषा नको.

त्याच वक्त्यांचं पुढचं व्याख्यान शनिवारी आहे. संयोजकांनी प्रश्नोत्तरांना वेळ ठेवावा.