चाल कुठली, ते वर लिहावं

रविवारी सांता क्लारात एका घरगुती मैफलीनंतर चहा चालला होता. यजमानांच्या मुलाने फोनवर पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ या हिप-हॉप जोडीचं ‘दे रेमिनिस ओव्हर यू’ लावलं. सॅक्सोफोन सुरू होताच एक काका म्हणाले, “यात यांचं स्वतःचं काय? सगळं उचललेलं.” मुलाने गाणं बंद केलं. मला ते अजून डाचतंय, कारण काका नुकतेच ‘स्वयंवर’ या संगीत नाटकातलं पद गाऊन उठले होते.

नाट्यपदांच्या चालीही अशाच उचललेल्या. नाटककार किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा कानडी पदं, लावण्या, कीर्तनातली साकी-दिंडी, जिथे गोड चाल दिसली तिथून घेतली. १९१६च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून चाली दिल्या. याला कुणी चोरी म्हटलं नाही. नाटकाचं जुनं पुस्तक उघडा: पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द. ती ओळ गाणाऱ्याच्या सोयीसाठी असे, पण ऋणाची नोंदही तिथेच होऊन जाई.

आता काकांना न आवडलेलं गाणं त्या पुस्तकासारखं वाचू. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जेफरसन एअरप्लेन या बँडचं ‘टुडे’ हे हळवं प्रेमगीत आलं. त्याच वर्षी विशीही न गाठलेल्या टॉम स्कॉटने ते सॅक्सोफोनवर वाजवलं. पंचवीस वर्षांनी, १९९२ साली, न्यूयॉर्कजवळच्या माउंट व्हर्ननच्या पीट रॉकने त्या वादनातले मोजके क्षण ‘दे रेमिनिस ओव्हर यू’साठी घेतले. त्याचा मित्र ट्रॉय डिक्सन १९९० साली दौऱ्यावर असताना अपघातात गेला होता. प्रेमगीताची चाल अशी शोकगीताला लागली.

हे काम ज्या यंत्रावर झालं ते एसपी-१२०० नावाचं सॅम्पलर. ते बनवणारी ई-म्यू कंपनी सत्तरच्या दशकात इथेच, सांता क्लाराच्या होमस्टेड रोडवर होती. पुढे ती स्कॉट्स व्हॅलीकडे गेली. १९८७च्या त्या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावे. म्हणून तेहतीसची तबकडी पंचेचाळीसच्या वेगाने वाजवून आत भरायची आणि मग मंद करायची. त्यातून सुरांना खरखरीत पोत येई. दोन ओळींच्या बंदिशीवर तासभराचा ख्याल उभा करणाऱ्यांची गाणी आपण डोक्यावर घेतो. मग दहा सेकंदांत मित्राचं दुःख मावलं, याचं मोल आपल्याला तरी कळायला हवं.

काकांचा राग अगदीच निराधार नाही. २००२ साली ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अॅडिक्टिव्ह’ गाण्यात ‘ज्योती’ चित्रपटातला लताबाईंचा आवाज आला, पण संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव कुठेच नव्हतं. ते नाव लिहीपर्यंत विक्री थांबवा, असा आदेश लॉस एंजेलिसच्या न्यायालयाला द्यावा लागला. तिथे चुकलं ते एवढंच: चाल घेतली आणि ‘चाल’ची ओळ गाळली.

पुढच्या मैफलीत त्या मुलाने तेच गाणं पुरतं लावावं. आधी उभं राहून सांगावं: चाल ‘टुडे’ची, टॉम स्कॉटच्या वादनातून. आणि काकांनी ‘स्वयंवर’चं पद म्हणण्याआधी त्याची मूळ बंदिश त्या मुलाला ऐकवावी.