शिशीतले पाणी आणि हवेतले पाणी

दिवाळी उलटली, रात्री गार होऊ लागल्या आणि हात धुतल्यावर तळवे खरखरीत लागू लागले, की मराठी घरात पूर्वी ग्लिसरिनची बाटली फडताळातून बाहेर निघत असे. आता अनेक घरांत तिची जागा सीरमच्या शिशीने घेतली आहे. नाजूक काच, थेंब मोजून टाकणारी रबरी टोपीची नळी आणि वर एखाद्या आम्लाचे भारदस्त नाव, असा तिचा थाट असतो. ही शिशी विकत घेणे हा काही अपराध नव्हे. त्वचेची निगा राखणे म्हणजे नटवेपणा, असे मानण्याचे दिवसही आता गेले. तक्रार आहे ती निराळीच. बारा महिने, वेंगुर्ल्यापासून गोंदियापर्यंत, सकाळ-संध्याकाळ हीच शिशी याच रीतीने वापरावी, असा जो उपदेश जाहिरातींतून अखंड चालू असतो, त्यात हवेचा विचारच नसतो. त्वचेतील ओलाव्याचे गणित मात्र बव्हंशी हवेवरच चालते.

हे गणित समजण्यास अवघड नाही. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्याची जाडी बहुतेक ठिकाणी कागदापेक्षाही कमी भरते. हा थर लवचीक राहिला तर त्वचा मऊ लागते. तो वाळला की पांढुरकी पडते, ओढल्यासारखी होते आणि अखेर फुटते. या थराला मऊपणा कशामुळे येतो, याचा उलगडा अमेरिकन संशोधक अर्विन ब्लँक यांनी १९५२ साली केला. त्वचेचा वाळलेला कठीण तुकडा तेलात ठेवला तरी मऊ होत नाही. पाणी मिळाले की तो लवतो, असे त्यांना आढळले. म्हणजे मऊपणा पाण्याचा आहे. तेलाचे काम त्या पाण्यावर झाकण घालण्याचे. त्वचेवर लावायच्या पदार्थांत पाणी धरून ठेवणारे आणि पाणी झाकून ठेवणारे असे जे दोन वर्ग आहेत, त्यांतील फरक एवढा लक्षात घेतला, तर जाहिरातींचे निम्मे मायाजाल आपोआप विरते.

ओलावा देणारे सीरम पहिल्या वर्गात मोडते. त्यातील ज्या हायल्युरॉनिक आम्लाचा एवढा बोलबाला आहे, ते कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली कोलंबिया विद्यापीठात गाईच्या डोळ्यातील काचेसारख्या पारदर्शक द्रवातून वेगळे केले. काच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच त्याला हे नाव मिळाले. ते आपल्याही शरीरात, सांध्यांत आणि त्वचेत असते, आणि पाणी धरून ठेवण्याचा त्याचा गुण खरा आहे. परंतु शिशीत त्याचे प्रमाण बहुधा एक-दोन टक्क्यांच्या आसपास असते. उरलेला बराचसा भाग साध्या पाण्याचा. त्याचे मोठे रेणू त्वचेच्या खोल थरांत उतरत नाहीत, पृष्ठभागावरच राहतात. पाणी धरण्याचे हेच काम ग्लिसरिनही करते. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७९ साली शोधलेले हे द्रव्य आज कोणत्याही औषधाच्या दुकानात अल्प किमतीत मिळते. महागड्या सीरमांच्या घटकांतही ते अनेकदा आढळते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता हवेकडे वळू. तीस अंश तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावू शकते. दहा अंशांची हवा जेमतेम ९ ग्रॅम. पुण्यात जानेवारीच्या पहाटे दहा अंशांवर असलेली दमट हवा दुपारी तीस अंशांपर्यंत तापते. तिच्यात नवे बाष्प येत नाही, आणि म्हणून पहाटे ओथंबलेली तीच हवा दुपारी तीस टक्क्यांइतकी कोरडी होते. नागपुरात मे महिन्यात पारा त्रेचाळीस अंशांजवळ जातो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. याउलट जुलैतल्या मुंबईत ती ऐंशी टक्क्यांच्या पुढे असते. एकाच राज्यात, एकाच वर्षात त्वचेला इतक्या भिन्न हवांना तोंड द्यावे लागते. वातानुकूलित कचेरीत आठ तास बसणाऱ्या कारकुनाची हवा तर भर पावसाळ्यातही बाहेरच्या हवेहून कोरडी असते. शिक्षणासाठी कॅनडात गेलेल्या मुलामुलींचाही अनुभव हाच. बाहेरची गोठलेली हवा घरात तापवली की ती पुण्याच्या दुपारीहूनही शुष्क होते, आणि मुंबईत पुरेसा वाटणारा उपाय तेथे आठवडाभरात निकामी ठरतो.

यातून व्यवहाराचा साधा नियम निघतो. हवा कोरडी असेल, मग ती थंडीची असो वा उन्हाळ्याची, तर केवळ पाणी धरणारा पदार्थ पुरत नाही. त्याने धरलेले पाणी कोरडी हवा ओढून नेते आणि सीरम लावूनही चेहरा ताणल्यासारखा का होतो, याचे कोडे पडते. अशा वेळी स्नानानंतर त्वचा ओलसर असतानाच सीरम किंवा पाणी मिसळलेले ग्लिसरिन लावावे आणि त्यावर मलईसारखे क्रीम, तेल किंवा व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा. तेलविहिरींच्या यंत्रांना चिकटणाऱ्या मेणचट गाळापासून चेसब्रो यांनी बनवलेल्या आणि १८७२ साली पेटंट घेतलेल्या या व्हॅसलिनइतके चांगले झाकण आजही क्वचितच आढळते. दमट किनाऱ्यावर, विशेषतः पावसाळ्यात, गोष्ट उलटी असते. तेथे सीरमचे चार थेंब पुष्कळ झाले; अनेकांना तेही नकोत. तेथे खरा शत्रू असतो साचून राहिलेला ओलावा आणि त्यातून फोफावणारा गजकर्ण. त्यावर दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडयुक्त मलमे चोळण्याची घातक सवय इतकी बळावली, की २०१८ साली केंद्र सरकारला अशा अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशी बांधावी लागली.

ऋतूप्रमाणे निगा बदलावी, हा विचार आपल्याला परका नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त ऋतुचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे आणि हेमंतात अभ्यंग सांगितला आहे. पावसाळा संपून हवा कोरडी होण्याच्या सुमारासच दिवाळीचे अभ्यंगस्नान येते. कोकणात आणि गोव्यात टाचांच्या भेगांवर कोकमाचे तेल लावतात. तेही झाकण घालण्याचेच काम करते. मात्र म्हणून जुने ते सारे सोने, असे मानण्याचे कारण नाही. थंडीत कढत पाण्याने, कडक साबण खसाखसा चोळून आंघोळ करणे हीही आपलीच आवडती सवय. आणि त्वचेतील नैसर्गिक स्निग्ध द्रव्ये धुऊन टाकण्यात तिचा हात धरणारी दुसरी सवय नाही. साबण बेताने आणि पाणी कोमट, एवढा बदल केला तरी थंडीतली निम्मी तक्रार मिटेल.

हा प्रश्न क्षुल्लक आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी चेहऱ्यावरून नजर काढून पायांकडे पाहावे. उसाच्या फडात आणि भाताच्या चिखलात राबणाऱ्या बायांच्या टाचा, रस्ते झाडणाऱ्या कामगारांचे तळवे, अष्टौप्रहर भांड्यांच्या साबणात असलेले हात, इतकेच काय, खडूच्या भुकटीने शुष्क झालेली शिक्षकांची बोटे, यांना ओलाव्याची गरज सर्वांत अधिक आहे. भेग म्हणजे जंतूंना उघडलेले दार. मधुमेही माणसाच्या पायाची दुर्लक्षित भेग चिघळून पाय गमावण्यापर्यंत पाळी येऊ शकते. परंतु या टाचांसाठी कोणी नटी जाहिरातीत हसत नाही. जाहिरात हसते ती विद्यार्थ्याच्या खाऊच्या पैशांकडे आणि नोकरदाराच्या पगाराच्या तारखेकडे पाहून.

यावर बहिष्कार हा उपाय नव्हे. ज्ञान हा आहे. बाष्पीभवन आणि आर्द्रता शाळेत शिकवली जाते. ती शिकवताना विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ओठांचे आणि टाचांचे उदाहरण घेतले, तर धडा जन्मभर लक्षात राहील. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून साधे व्हॅसलिन आणि ते ओल्या टाचेवर लावण्याचा सल्ला मिळू लागला, तर सरकारी तिजोरीला भोक पडणार नाही. २०२० च्या प्रसाधनविषयक नियमांनुसार वेष्टनावर घटकांची यादी द्यावी लागते आणि एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. ही यादी बहुधा इंग्रजीत आणि भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत असते. ती ठसठशीत आणि मराठीत हवी, हा आग्रह ग्राहक संघटनांनी धरावयास हवा. पहिल्या क्रमांकावर 'पाणी' हा शब्द आपल्या भाषेत वाचला, तर किंमत पाहून ग्राहक क्षणभर तरी थबकेल.

ज्याला परवडते आणि आवडते, त्याने सीरम खुशाल वापरावे. पण ते कधी, किती आणि कशाखाली झाकून वापरायचे, हे वेष्टनाला विचारू नये. खिडकी उघडावी आणि हवेला विचारावे. तिचा सल्ला फुकट असतो, आणि तिला काही विकायचे नसते.