परक्या भट्टीवरची उमेदवारी

सोनपेठच्या बाजारपेठेत व्यापारी घरातील मुलांची वाट बहुधा आधीच आखलेली असते. मुलाने पदवी घेऊन दुकानाची गादी सांभाळावी. मुलीने शिकावे आणि योग्य स्थळ आले की संसाराला लागावे. कापूस, सोयाबीन, किराणा, कापड यांच्या उलाढालीत वाढलेल्या अशा एखाद्या घरात कला शाखेची पदवी घेतलेली मुलगी म्हणते, “मला सहा महिने एका मातीकामाच्या स्टुडिओत निवासी कलाकार म्हणून राहायचे आहे.” तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पगार किती? पगार नाही असे कळले की दुसरा प्रश्न येतो: मग पैसे त्यांना आपणच द्यायचे का? तिसरा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण तो सर्वांच्या मनात असतो: कुंभारकाम करण्यासाठी एवढे शिकवले काय?

हे तिन्ही प्रश्न रागावण्यासारखे नाहीत. व्यापाऱ्याने हिशेब विचारलाच पाहिजे. मात्र हिशेब विचारण्यापूर्वी व्यवहार कोणत्या जातीचा आहे, हे ओळखावे लागते. निवासी कलाकार म्हणून राहणे ही नोकरी नव्हे, शाळाही नव्हे आणि हवापालटही नव्हे. व्यापारी घराण्यांना परिचित असलेला एक जुना शब्द त्याला नेमका लागू पडतो. तो शब्द म्हणजे ‘उमेदवारी’. पूर्वी पेढीवाले आपल्या मुलाला थेट आपल्या गादीवर बसवत नसत. आधी त्याला परगावच्या, शक्यतो परक्या पेढीवर उमेदवार म्हणून ठेवीत. तेथे तो वह्या लिही, माल मोजी, उधारी वसूल करी आणि मालकाचा मुलगा म्हणून मिळणारे लाड विसरून धंद्याची लय अंगी बाणवी. चालत्या स्टुडिओतील निवास ही तशीच परक्या भट्टीवरची उमेदवारी आहे.

वीटभट्टीतून निघालेली परंपरा

या पद्धतीच्या अलीकडच्या इतिहासात उद्योजकांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्यात हेलेना येथे आर्ची ब्रे नावाचे एक वीट कारखानदार होते. त्यांनी १९५१ साली आपल्या कारखान्याच्या आवारातच कलाकारांसाठी मातीकामाची शाळा उभी केली. पीटर वोल्कस आणि रुडी ऑटिओ हे तेथील पहिले निवासी कलाकार. ते ब्रे यांच्या वीटभट्टीवर मजुरीचे काम करीत आणि उरलेल्या वेळात स्वतःची भांडी घडवीत. पुढे दोघेही अमेरिकेतील अग्रगण्य मृत्तिका कलाकार म्हणून मान्यता पावले. ब्रे १९५३ साली वारले आणि १९६० साली वीट कारखानाही बंद पडला. कलाकारांसाठी उभारलेली संस्था मात्र आजही चालू आहे. व्यापाऱ्याच्या कोणत्या मालमत्तेचे आयुष्य किती, याचा अंदाज ताळेबंदावरून नेहमीच येतो असे नाही.

स्नानगृहातील भांडी बनविणाऱ्या कोहलर कंपनीचे उदाहरणही असेच आहे. विस्कॉन्सिनमधील तिच्या कारखान्यात १९७४ पासून कलाकार काही महिने राहून काम करतात. बेसिनच्या साच्यांशेजारीच त्यांची शिल्पे आकार घेतात. कामगारांकडून ते साचा भरण्याचे बारकावे शिकतात आणि कामगार त्यांच्याकडून मातीची नवी रूपे पाहतात.

भारतात या क्षेत्रावर सर्वाधिक खोल ठसा उमटविणारे नाव म्हणजे पुदुच्चेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी. जपानमध्ये मातीकाम शिकलेल्या डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी १९७१ साली ती सुरू केली. आसपासच्या गावांतील कामगारांना शिकवून तेथे रोजच्या वापराची स्टोनवेअर भांडी घडू लागली. याच चालत्या कारखान्यात शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे देशभर आपले स्टुडिओ थाटले. भोपाळच्या भारत भवनात आणि दिल्लीत ललित कला अकादमीच्या गढी येथील स्टुडिओंतही मातीकामाची सार्वजनिक सोय आहे.

मराठवाड्यातील वाचकांना सर्वांत ओळखीचे वाटेल असे ठिकाण मात्र विदर्भात आहे. स्वप्नदेव श्री केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीला अनेक कुटुंबे जातात. त्याच गावी गांधीवादी कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ साली ग्रामोदय संघाची स्थापना केली. खेड्यातील कुंभाराला माठ आणि पणतीच्या पलीकडे नेऊन चिनी मातीची टिकाऊ वस्तू बनविण्याचे तंत्र द्यावे, हा त्यामागचा विचार होता. अलीकडच्या काळात स्टुडिओ कलाकारही तेथे राहून काम करू लागले आहेत. यात्रेला गेलेल्या कुटुंबाने भोजनशाळेतून परतण्यापूर्वी तासभर तिकडे फेरी मारली, तर घरातील पुष्कळ शंका न बोलता मिटतील.

चालत्या स्टुडिओचा दिवस

‘चालता’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अशा स्टुडिओला मागणी पुरी करायची असते आणि कामगारांचे वेतन द्यायचे असते. म्हणून भट्टीतील जागा प्रथम गिऱ्हाइकाच्या मालाला मिळते. निवासी कलाकाराच्या वस्तू उरलेल्या कोपऱ्यात जातात. हे पहिल्या आठवड्यात कटू वाटते, पण खरे शिक्षण याच व्यवस्थेत आहे.

दिवसाची सुरुवात माती मळण्याने होते. मातीत हवेचा पोकळ भाग राहिला, तर चाकावर आकार डळमळतो. चाकावर घडलेले भांडे अर्धवट सुकून चामड्यासारखे झाले की त्याचा तळ खरवडतात. मग ते पूर्ण सुकू देतात. येथे घाई केली आणि ओल आत राहिली, तर पहिल्या भाजणीत वाफेच्या दाबाने भांडे फुटते. ही पहिली भाजणी साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला होते. त्यानंतर काचेसारखा लेप, म्हणजे ग्लेझ, चढवून स्टोनवेअरची दुसरी भाजणी १२०० ते १३०० अंशांपर्यंत नेतात. सुकताना आणि भाजताना माती आकसते. आकसण्याचे प्रमाण १२ टक्के धरले, तर ओले असताना २० सेंटिमीटर उंच असलेले भांडे भट्टीतून १७.६ सेंटिमीटरचे होऊन बाहेर येते. झाकण आणि भांडे एकाच मातीचे, एकाच दिवशी का घडवावे, हे या आकड्यावरून कळते.

भट्टी तापवायला जेवढा संयम लागतो, तेवढाच ती थंड होऊ द्यायलाही लागतो. उत्सुकतेने दार लवकर उघडले, तर आठवड्यांच्या कष्टांना तडे जातात. घरच्या गादीवर बसलेल्या मुलाला ‘थांब’ हा शब्द वडील सांगतात. येथे तो भट्टी सांगते आणि तिच्याशी वाद घालता येत नाही.

हिशेब कसा विचारावा

निवासाचे व्यवहार साधारणपणे तीन प्रकारचे असतात. पहिल्यात कलाकार जागा, माती, भाजणी आणि राहणे यांचे शुल्क भरतो. दुसऱ्यात तो दिवसाचे काही तास स्टुडिओच्या उत्पादनाला देतो आणि त्या बदल्यात त्याला जागा व भट्टी मिळते. तिसऱ्यात संस्था विद्यावेतन देते. अशा जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी. अर्ज करताना बहुतेक ठिकाणी केलेल्या कामाची छायाचित्रे, तेथे काय करावयाचे आहे याचे थोडक्यात टिपण आणि शिक्षकाचे शिफारसपत्र मागतात. चाकावर स्वतंत्रपणे काम करता येत नसेल, तर आधी शिक्षण घ्यावे आणि मग निवासाचा विचार करावा. ज्याला बेरीज येत नाही, त्याला कोणतीही पेढी उमेदवार म्हणून ठेवीत नसे.

पत्र आल्यावर पुढील गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. स्टुडिओसाठी रोज किती तास द्यायचे? मातीचा दर काय? भाजणीचा आकार फळीवर की वस्तूवर? भट्टीत नुकसान झाले तर ते कोणाचे? तयार वस्तू कोणाच्या मालकीच्या आणि विक्री झाल्यास वाटा किती? स्टुडिओत असताना सुचलेली रचना पुढे कोण वापरू शकेल? हे प्रश्न विचारल्याने नाते बिघडत नाही. ते न विचारल्याने मात्र पुढे बिघडते.

खर्चाची मांडणी शिकणे हा या निवासाचा व्यापारी लाभ आहे. समजा, १०० पेले घडविण्यास माती, लेप आणि भाजणी धरून १२,००० रुपये लागले. एका पेल्याचा खर्च १२० रुपये, असे नवखा म्हणेल. पण तडा, वाकडेपणा, लेपातील डाग यांमुळे २० पेले बाद झाले, तर तो खर्च ८० पेल्यांवर वाटावा लागतो आणि पेला १५० रुपयांना पडतो. वाणिज्य शाखेत ‘सामान्य नुकसान’ म्हणून शिकविली जाणारी ही संकल्पना भट्टीचे दार उघडताना जितकी स्पष्ट होते, तितकी पुस्तकात होत नाही. अजून स्वतःच्या श्रमाचे मोल यात धरलेलेच नाही, हेही लक्षात घ्यावे.

आरोग्याचा हिशेब वेगळा मांडावा. सुक्या मातीच्या बारीक धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे श्वासावाटे गेली तर फुप्फुसांचा असाध्य विकार जडतो. म्हणून चांगल्या स्टुडिओत फरशी झाडत नाहीत, ओल्या फडक्याने पुसतात. लेपाची भुकटी कालवताना मुखपट्टी लावतात का आणि शिशाचे लेप वापरतात का, हे पाहूनच पाल्याला तेथे ठेवावे.

धर्माचरणाचा प्रश्न

श्रावकाच्या घरात आणखी एक शंका येणे स्वाभाविक आहे. माती खणण्यात पृथ्वीकायाची आणि भट्टीत अग्निकायाची विराधना होते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आहे आणि हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात त्याखाली कुंभाराच्या व्यवसायाचाही समावेश केला आहे. त्याच वेळी श्वेतांबर आगमांतील उपासकदशांग सूत्राचे सातवे अध्ययन पोलासपूरच्या सद्दालपुत्र नावाच्या कुंभारावर आहे. त्याच्या मालकीची ५०० दुकाने होती. तो आजीविक मताचा, सर्व काही नियतीने ठरलेले मानणारा. ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून, असे भगवान महावीरांनी त्याला विचारले आणि त्या चर्चेतून पुरुषार्थाचे महत्त्व पटून तो श्रमणोपासक झाला. तेव्हा प्रश्न सोपा नाही. उपजीविका म्हणून किती आणि साधना म्हणून किती, याची मर्यादा प्रत्येक घराने आपल्या गुरुमहाराजांशी बोलून ठरवावी.

काही बाबतींत मात्र संदिग्धता नाही. ‘बोन चायना’ या नावाने विकल्या जाणाऱ्या भांड्यांच्या मातीत जनावरांच्या हाडांची राख असते आणि पारंपरिक कृतीत तिचे प्रमाण जवळजवळ निम्मे असते. काही लेपांतही ती घालतात. निवासाला जाण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. स्टोनवेअर आणि साध्या पोर्सिलेनच्या मातीला हाडांची गरज नाही. लेपाचे कुंचलेही अनेकदा जनावरांच्या केसांचे असतात. कृत्रिम तंतूंचे सहज मिळतात. भाजणी रात्रीपर्यंत चालत असल्याने चौविहार पाळणाऱ्याने भट्टीवर लक्ष ठेवण्याची पाळी आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन यांचा मेळ आधीच घालावा. कच्च्या मातीचे तुकडे भिजवून पुन्हा वापरता येतात, भाजल्यावर येत नाहीत. म्हणून जे मनाजोगते झाले नाही, ते भट्टीत घालूच नये आणि भट्टी पूर्ण भरल्याशिवाय पेटवू नये. यात काटकसर आहे आणि यतनाही आहे.

परतल्यावर

सहा महिन्यांनी मूल घरी येईल, तेव्हा सोनपेठमध्ये काय करील, हा शेवटचा आणि सर्वांत मोठा प्रश्न. येथील काळी कसदार माती कापसाला चांगली असली तरी भांड्याला अवघड. ती सुकताना फार आकसते आणि भेगाळते. म्हणून गावचे कुंभार गाळाची माती निवडून तिच्यात राख व लीद मिसळतात. हे ज्ञान कोणत्याही स्टुडिओत मिळत नाही. ते गावात आहे. त्यांच्याकडे नम्रतेने बसून शिकणे हा उमेदवारीचाच पुढचा भाग होय. केंद्र शासनाच्या २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभारकामाचा समावेश असून पारंपरिक कारागिराला ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. त्याची कागदपत्रे नीट करून देणे, पणत्या आणि पोळ्याच्या बैलांपलीकडे मोठ्या शहरातील गिऱ्हाईक शोधून देणे, ही कामे व्यापारी घरातील मुलाइतकी सहज दुसरे कोण करील?

मराठवाड्याला हे नवे नाही. सातवाहनकाळात पैठण आणि तेर ही व्यापारी नगरे सागरी मार्गांनी रोमन जगाशी जोडलेली होती. तेरच्या उत्खननात सापडलेल्या पांढऱ्या मातीच्या सुबक मूर्ती तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावे असलेल्या शासकीय संग्रहालयात आजही पाहता येतात. बाजार आणि मातीकाम तेथे एकाच वेळी भरभराटीस आले होते.

ज्या घरातून असा प्रस्ताव येईल, त्या घराने मुदत आणि रक्कम दोन्ही आधी ठरवावीत. किती महिने आणि किती रुपये, हे वहीत लिहावे. तेवढी रक्कम परत येणार नाही, असे धरूनच ती द्यावी. मुदत संपल्यावर मुलाच्या हाती काय आले, हे विकलेल्या नगांवरून मोजू नये. मोडलेल्या नगांची कारणे त्याला सांगता येतात का, हे विचारावे. ज्याला आपल्या नुकसानीचे कारण समजले, तो पुढे मातीत राहो वा गादीवर बसो, त्याची उमेदवारी पूर्ण झाली असे समजण्यास हरकत नाही.