स्वतःच्या नावाचे काम

संस्कृत शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. ‘शाकुंतला’चा चौथा अंक लागला म्हणजे कण्वमुनींच्या उपदेशापाशी वर्ग हटकून स्तब्ध होई. वडीलधाऱ्यांची सेवा कर, सवतींशी सख्याने वाग, पतीने अवमान केला तरी रागाने उलट वागू नकोस, भाग्य आले म्हणून ताठू नकोस, हे सर्व त्या वत्सल पित्याने कन्येस सांगितले. आश्रमातील झाडेवेली वाढविण्यात जिचा दिवस जात असे, ती राजधानीत आपला दिवस कशात घालवील, हा प्रश्न मात्र त्यांस पडला नाही. त्या काळी तो पडावा अशी अपेक्षाही कोणी करू नये. परंतु आज जे वडील आपली पदवीधर कन्या विवाह करून सातासमुद्रापलीकडे धाडतात, त्यांस हा प्रश्न पडला नाही तर तो दोष काळाच्या माथी मारता येणार नाही.

आपल्या वाचकांपैकी बहुतेक घरांतून आज एखादी तरी मुलगी किंवा सून परदेशी आहे. स्थळ पाहताना मुलाचे शिक्षण, पगार, घराणे आणि पत्रिका यांची आपण कसून चौकशी करतो. ‘मुलगी तिकडे काय करणार?’ असे कोणी विचारलेच, तर ‘शिकलेली आहे, मिळेल काहीतरी’ असे उत्तर देऊन विषय आटोपला जातो. या ‘काहीतरी’ शब्दात किती अज्ञान दडलेले असते, हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

नवख्या मुलुखात पतीमागून आलेल्या स्त्रीने काम कसे शोधावे, हा प्रश्न सोलापूरला नवा नाही. आपल्याच शहराच्या पूर्व भागात, साखर पेठ, अशोक चौक या बाजूस, त्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले आहे. १८७७ च्या सुमारास येथे जुनी मिल सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या निघाल्या आणि हातमागांचे जाळे पसरले. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर अशा तेलंगणातील जिल्ह्यांतून पद्मशाली विणकर येथे आले. त्यांच्यामागून त्यांच्या स्त्रिया आल्या. त्यांस मराठी येत नव्हते, लिहिणेवाचणे बहुतेकींस ठाऊक नव्हते, आणि कोणाजवळ शिफारसपत्र असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही त्यांचे हात रिकामे राहिले नाहीत. घरच्या मागासाठी कांड्या भरण्याचे काम होतेच. आणि विडीचा धंदा वाढला तसतशी घरोघर विडी वळली जाऊ लागली.

हे काम कसे चालते हे आपल्यापैकी पुष्कळांनी जवळून पाहिलेले नसेल. बाई कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत घेऊन येते. पाने भिजवून मऊ करावयाची, मापाने कातरावयाची, त्यांत तंबाखू भरून वळावयाची आणि सुताने बांधावयाची. मजुरी ठरते ती हजार विड्यांवर. नेऊन दिलेल्या मालातून कारखानदाराचा माणूस खराब म्हणून काही विड्या बाजूला काढतो, त्या कष्टांचे मोल मिळत नाही. तंबाखूची धूळ छातीत जाते, मान आणि पाठ अवघडून जाते. हे काम सुखाचे आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु नव्याने आलेल्या सुनेस ते चटकन मिळे, याची तीन कारणे होती. काम करण्यास कोणाची परवानगी काढावी लागत नसे. गल्लीतच शिकविणारी जाऊबाई किंवा शेजारीण आपल्या भाषेत बोलणारी असे. आणि पदवीचा कागद कोणी मागत नसे.

यातच एक बारीक गोष्ट आहे, तीकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्या स्त्रीसही कामगार मानले. पुढे १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला, आणि भविष्यनिर्वाह निधीही या धंद्यास लागू झाला. मात्र हे सर्व मिळते ते ज्या बाईच्या नावाचे कार्ड असेल तिला. विडीच्या धंद्यात अशी कित्येक घरे आढळतात, की जेथे विड्या वळते सून आणि त्या जमा होतात सासूच्या कार्डावर. कष्ट एकीचे, नाव दुसरीचे. दहा वर्षांनी हिशेब निघाला तर त्या सुनेने कधी काम केले याचा कागदोपत्री पुरावा नसतो. उलट, जेव्हा नावे नोंदली गेली तेव्हा काय घडले तेही सोलापूरने पाहिले आहे. कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. आपण कामगार आहोत हे कागदावर दाखविता आल्यावाचून ही घरे त्या स्त्रियांस मिळती ना.

आता आपल्या घरातील मुलीकडे वळू. तिची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तिच्याजवळ पदव्या आहेत, इंग्रजी आहे, कदाचित पाचसहा वर्षांचा अनुभवही आहे. नसते ती परवानगी.

अमेरिकेचेच उदाहरण घ्या. आपले बहुतेक तरुण तेथे ‘एच-१बी’ या व्हिसावर नोकरी करतात. त्यांच्या पत्नीस मिळतो तो ‘एच-४’. या व्हिसावर तेथे राहता येते, शिकता येते, परंतु केवळ त्याच्या बळावर वेतन घेऊन काम करता येत नाही. २६ मे २०१५ पासून एक सवलत लागू झाली. पतीच्या कायम निवासासाठी त्याच्या कंपनीने केलेली ‘आय-१४०’ ही याचिका मंजूर झालेली असेल, किंवा त्याच प्रक्रियेमुळे त्याला सहा वर्षांपुढे मुदतवाढ मिळाली असेल, तर पत्नीस कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. या सवलतीविरुद्ध तेथील न्यायालयांत वर्षानुवर्षे दावा चालला. २०२५ च्या ऑक्टोबरात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिल्याने सवलत टिकली. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस दुसरी अडचण आली. नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना जुन्या परवान्यास जी आपोआप मुदतवाढ मिळत असे, ती ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांस बहुतांशी बंद झाली. म्हणजे मुदतीपूर्वी सहा महिने अर्ज करता येतो, तो दिवस चुकवू नये. एरवी चालू नोकरी सोडून घरी बसण्याची पाळी येते.

पती कंपनीकडूनच बदली होऊन गेला असेल, तर त्याचा व्हिसा ‘एल-१’ आणि पत्नीचा ‘एल-२’ असतो. अशा पत्नीस २०२१ पासून वेगळ्या परवान्यावाचून काम करता येते. पती विद्यार्थी असेल तर ‘एफ-२’ व्हिसावरील पत्नीस नोकरीची मुळीच मुभा नाही. एकाच इमारतीत राहणाऱ्या, एकाच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या तीन मैत्रिणींची अशी तीन नशिबे होतात. आणि ती ठरतात एका अक्षराने.

इतर देशांची तऱ्हा निराळी आहे. जर्मनीत पतीबरोबर कुटुंब म्हणून राहण्यास गेलेल्या पत्नीस कोणतीही नोकरी करण्याची मोकळीक असते; तेथे अडते ते भाषेपाशी. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात लग्नाआधी काढलेले एक वर्ष तेथील तीन वर्षे वाचविते. इंग्लंडात कुशल नोकरदाराबरोबर गेलेल्या पत्नीस काम करता येते. परंतु २०२४ च्या आरंभापासून सुरू झालेल्या बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांस पत्नीला सोबत नेताच येत नाही. कॅनडात पूर्वी सढळपणे मिळणारा पत्नीचा परवाना २१ जानेवारी २०२५ पासून ठराविक व्यवसायांतील नोकरदारांच्या आणि ठराविक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांच्या पत्नींपुरता राहिला. हे नियम बदलत असतात. म्हणून शेजारच्या वन्संच्या जावेचा अनुभव ऐकून निर्णय करू नये. त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर त्या आठवड्यात काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे.

परवानगी असली तरी दुसरी अडचण कागदांची. शकुंतलेची अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात गेली, आणि भर दरबारात तिची ओळखच नाकारली गेली. आपल्या मुलींच्या अंगठ्या म्हणजे गुणपत्रके, पदवीप्रमाणपत्रे आणि अनुभवाचे दाखले होत. सोलापूरच्या महाविद्यालयांतून शिकलेल्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी: येथील विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले; त्यापूर्वी आपली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली होती. म्हणून त्यापूर्वीच्या पदवीधर स्त्रीने आपले कागद कोल्हापुरास मागावे. विद्यापीठाच्या मोहोरबंद पाकिटातील गुणांचा तपशील परदेशी संस्था मागतात. तो येथे असताना मिळविणे सोपे, तिकडून मागविणे महाकठीण. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, शिक्षिका, वकील यांस तर तेथील परीक्षा आणि परवाने नव्याने मिळवावे लागतात. वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या मुलीस अमेरिकेत परीक्षा देऊन पुन्हा रुग्णालयातील प्रशिक्षणाची वर्षे काढावी लागतात, हे विवाहाच्या बोलण्यांतच उघड झालेले बरे.

याच संदर्भात एका जुन्या प्रथेविषयी लिहिणे प्राप्त आहे. लग्नात ताम्हनातील तांदळांवर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची आपल्याकडे चाल आहे. हौस म्हणून ती अवश्य पाळावी. परंतु तेच नाव पारपत्रावर, आधारपत्रावर चढविण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. पदवी एका नावाची, अनुभवपत्र दुसऱ्या आडनावाचे आणि पारपत्र तिसऱ्याच नावाचे, असे झाले म्हणजे परक्या देशातील कारकुनास या तिन्ही एकच बाई आहेत हे पटविण्यात महिने जातात. ज्या नावाने मुलगी शिकली, त्या नावाचे शिक्षण आपण तिच्याबरोबर धाडत असतो. ते नाव पुसून शिक्षण तेवढे शिल्लक राहील, असा व्यवहार जगात चालत नाही.

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. पदार्थविज्ञानात एम. एस्सी. झालेली ही मुलगी येथे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवीत असे, आणि पगारातील काही भाग वडिलांस देत असे. लग्नानंतर ती ‘एच-४’ वर अमेरिकेत गेली. पतीचा स्वभाव उत्तम, घरात कशाची वाण नाही. तरी तिने आम्हांस लिहिले, ‘सर, येथे मला कोणी काही कमी करीत नाही. पण बाबांना औषधाचे पैसे पाठवायचे तर ह्यांना सांगावे लागते. ते लगेच पाठवतात. तरीही सांगावे लागते.’ तिच्या सासूबाई येथून दूरध्वनीवर सहज विचारीत, ‘दिवसभर असतेस तरी काय करीत?’ प्रश्न प्रेमाचाच; पण तो ऐकून ती दोन दिवस नीट जेवत नसे. पुढे तिने तेथील एका सार्वजनिक महाविद्यालयात संख्याशास्त्राचे दोन अभ्यासक्रम केले. पाचव्या वर्षी परवाना हाती आला तेव्हा ते प्रशस्तिपत्रच कामी आले. मधली रिकामी वर्षे तिने रिकामी राहू दिली नव्हती, म्हणून दार उघडले.

अशा प्रतीक्षेच्या काळात काय करावे? शिकण्यास मुभा असेल तर शिकावे. ज्या सेवेस एरवीही कोणी वेतन देत नाही अशी सेवा करावी. ग्रंथालये आणि मराठी मंडळांनी चालविलेल्या मुलांच्या रविवारच्या शाळा यांतून ओळखी होतात, आणि परक्या मुलुखात ओळख हेच निम्मे शिफारसपत्र असते. पूर्व भागातील शेजारणीने नव्या सुनेसाठी केले ते हेच. मात्र परवाना नसताना चोरून शिकवण्या, डबे, किंवा दुसऱ्याच्या नावावर संगणकाचे काम करू नये. त्याने दोघांचाही तेथील निवास धोक्यात येतो. आणि सासूच्या कार्डावर विड्या वळणाऱ्या सुनेप्रमाणे कष्ट होऊनही आपले म्हणण्यासारखे काही उरत नाही.

घरातील वडील मंडळींस आमची एवढीच विनंती आहे. सुनेचे काम म्हणजे मुलाच्या पगाराची पुरवणी नव्हे. ते तिच्या शिक्षणाचे फळ आहे, तिच्या आईवडिलांचा आधार आहे, आणि प्रसंग ओढवला तर तिच्या मुलांचे संरक्षण आहे. ते मिळेपर्यंत घराचे खाते दोघांच्या नावाने असावे, येथील तिचे स्वतःचे खाते आणि बचत मोडू नये, आणि ‘दिवसभर काय करतेस’ हा प्रश्न कोणी विचारू नये.

आणि ज्यांच्या घरी यंदा कार्य ठरत असेल, त्यांनी यादीवर सह्या होण्यापूर्वी वरपक्षास चार गोष्टी स्पष्ट विचाराव्या: मुलाचा व्हिसा कोणता, त्यावर पत्नीस काम करता येते काय, येत नसल्यास ते केव्हा येईल, आणि तोवर तिच्या शिक्षणाचा खर्च घर उचलील काय? यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मानपानाच्या साड्या किती, हे आपण निःसंकोच विचारतोच.